फाइल तर समोर आहे!

लायब्ररी इन्स्टॉल झालेली असते. ‘एलएस’ केलं की फाइल डोळ्यांना दिसते. पॅकेज मॅनेजर छातीठोकपणे सांगतो, सगळं जागच्या जागी आहे. आणि तरी बिल्ड अडून बसतं, वर कारण काय तर म्हणे ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. लिनक्सवर सी किंवा सी++ मध्ये चार दिवस काम केलेल्या कुणालाही ही ओळ नवी नाही. नवखा तिला बिचकतो, मुरलेला तिच्यावर चिडतो, आणि पुढे दोघंही बहुधा एकच करतात. इंटरनेटवर हाती लागलेला पहिला उपाय टर्मिनलमध्ये चिकटवून एंटर मारतात. गंमत म्हणजे तो बऱ्याचदा लागूही पडतो. काही महिन्यांनी त्याच उपायापायी भलतंच काहीतरी मोडतं, आणि तोवर ‘आपण तेव्हा काय केलं होतं’ हे कुणालाच आठवत नसतं.

ही पुस्तिका त्या एका ओळीभोवती फिरते. ती ओळ छापणारे प्रोग्राम अनेक आहेत. ते वेगवेगळ्या वेळी चालतात, वेगवेगळ्या याद्या घेऊन फाइली शोधतात आणि एकाच्या यादीत काय आहे याचा दुसऱ्याला पत्ता नसतो. तक्रार कोणाची आहे हे ओळखलं की निम्मं काम झालं. ते न ओळखता केलेली दुरुस्ती म्हणजे नुसती चाचपडाचाचपडी. पुढच्या प्रकरणांमध्ये तपशील पुष्कळ आहेत, पण सगळ्यांच्या मुळाशी प्रश्न एकच: बोलतंय कोण?

आपण आज्ञा देतो ती एकच, ‘जीसीसी’. त्यामुळे आत एकच यंत्र चालतंय असं वाटतं. प्रत्यक्षात जीसीसी हा मुकादम आहे. तो आधी प्रीप्रोसेसर आणि कंपायलर चालवतो, मग असेंब्लर, शेवटी लिंकर. हेडर फाइली शोधण्याचं काम पहिल्याचं. ‘फेटल एरर: झेडलिब.एच: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ आणि खाली ‘कंपायलेशन टर्मिनेटेड’ असं आलं, तर बोलणारा तो. ‘/यूएसआर/बिन/एलडी: कॅनॉट फाइंड’ आणि शेवटी ‘कलेक्ट२: एरर: एलडी रिटर्न्ड १ एक्झिट स्टेटस’ असं आलं, तर बोलणारा लिंकर. बाइनयुटिल्सच्या नव्या आवृत्त्यांत या तक्रारीलाही ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ हेच शेपूट असतं, म्हणून शेपटाकडे बघायचं नाही, तोंडाकडे बघायचं. तिसरा बोलतो तेव्हा बिल्ड केव्हाच पार पडलेलं असतं. आपण प्रोग्राम चालवायला जातो आणि ‘एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज’ असा संदेश येतो. हा डायनॅमिक लोडर, ‘एलडी.एसओ’. लिंकरचा आणि याचा कारभार पूर्ण वेगळा. लिंकरला एखादी लायब्ररी सापडली म्हणून लोडरला ती सापडेलच असं नाही, आणि उलटही तसंच.

(आज्ञा, पर्याय आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची.)

आपल्याकडच्या वाचकाला हा गोंधळ जरा जास्तच छळतो, आणि त्याला इतिहास आहे. इथल्या अनेक कॉलेजांच्या लॅबमध्ये कित्येक वर्षं सी शिकवली गेली ती बोरलँडच्या टर्बो सीवर. तिथे सगळा संसार सी ड्राइव्हवरच्या टीसी नावाच्या एका फोल्डरात. हेडर त्यातल्या इन्क्लुडमध्ये, लायब्ररी त्यातल्या लिबमध्ये. ऑप्शन्स मेनूतल्या डिरेक्टरीज या चौकटीत दोन पाथ एकदा भरले की वर्षभर निश्चिंती. गणिताची लायब्ररीसुद्धा टर्बो सी आपणहून जोडायचा. या व्यवस्थेत लिंकर नावाचं कुणी असतं हे कळायची वेळच येत नाही. परीक्षेत ‘लिंकर म्हणजे काय’ हा चार मार्कांचा प्रश्न लिहून आलेला विद्यार्थी लिनक्सवर पहिलं ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ बघतो आणि कंपायलर बिघडलाय अशी त्याची खात्री पटते. दोष त्याचा नाही. त्याला ती तीन माणसं कुणी कधी वेगवेगळी दाखवलेलीच नसतात.

झेडलिबचं उदाहरण घेऊ, कारण ही लायब्ररी जवळजवळ प्रत्येक लिनक्स मशीनवर असते आणि तरीही जवळजवळ प्रत्येकाला एकदा तरी अडवते. उबंटू २२.०४ वर तिची खरी फाइल ‘लिबझेड.एसओ.१.२.११’ या नावाची आहे. तिच्याकडे बोट दाखवणारी एक लिंक आहे ‘लिबझेड.एसओ.१’, आणि आणखी एक असू शकते, नुसती ‘लिबझेड.एसओ’. घरी बाळू, शाळेत बाळकृष्ण आणि आधार कार्डावर वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव, असाच हा प्रकार. माणूस एकच, पण हाक कोण मारतंय त्यावर नाव ठरतं. लिंकरला आपण ‘डॅश स्मॉल एल झेड’ सांगतो तेव्हा तो ‘लिबझेड.एसओ’ शोधतो, म्हणजे बिनआकड्याचं नाव. जोडणी करताना तो लायब्ररीच्या पोटात नोंदलेलं ‘सोनेम’ वाचतो, जे इथे ‘लिबझेड.एसओ.१’ आहे, आणि तेच नाव आपल्या प्रोग्राममध्ये लिहून ठेवतो. पुढे लोडर शोधतो ते हे एक आकड्याचं नाव. बिनआकड्याच्या नावाशी त्याला काही देणंघेणं नाही.

आता कोडं आपोआप सुटतं. डेबियन आणि उबंटूवर चालवण्यापुरतं पॅकेज असतं ‘झेडलिब१जी’. त्यात आकड्यांची दोन्ही नावं असतात. हेडर फाइल आणि बिनआकड्याची लिंक ‘झेडलिब१जी-डेव्ह’ या वेगळ्या पॅकेजात असतात. रेड हॅटच्या घराण्यात याच जातीच्या पॅकेजांच्या नावांना ‘डेव्हेल’ असं शेपूट लागतं. म्हणजे मशीनवर झेडलिब आहे, तिच्यावर चालणारे पन्नास प्रोग्राम सुखाने नांदताहेत, आणि आपलं बिल्ड मात्र अडतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या.

इथे बरेच जण एक शॉर्टकट मारतात. ‘सुडो’ लावून ‘एलएन -एस’ करतात आणि हवी ती लिंक हाताने बनवून टाकतात. झेडलिबच्या बाबतीत हे एक वेळ खपून जाईल. पण उबंटू २२.०४ आली आणि ओपनएसएसएलची जुनी १.१ आवृत्ती तिच्यातून गेली, तेव्हा हाच शॉर्टकट गावभर झाला. जुना प्रोग्राम ‘लिबएसएसएल.एसओ.१.१’ मागतोय, मशीनवर ‘लिबएसएसएल.एसओ.३’ आहे, मग द्या एकाला दुसऱ्याचं नाव. लोडर फाइल उघडतो, आत बघतो आणि सांगतो: ‘व्हर्जन ओपनएसएसएल_१_१_० नॉट फाउंड’. सोनेममधला आकडा बदलतो तो याचसाठी, की जुना आणि नवा इंटरफेस एकमेकांशी जुळत नाहीत हे सर्वांना कळावं. नाव खोडून तो इशारा पुसता येतो, फरक पुसता येत नाही. आणि ज्या लायब्ररीत असे व्हर्जनचे शिक्के नसतात तिथे प्रोग्राम बिनतक्रार सुरू होतो आणि भलत्याच ठिकाणी कोसळतो. ते जास्त वाईट.

लिंकरच्या प्रकरणात मी सर्वात जास्त पानं खर्च केली आहेत, आणि त्यातलाही मोठा भाग क्रमावर. एक छोटा प्रयोग आत्ताच करून बघण्यासारखा आहे. एका प्रोग्राममध्ये २ चं वर्गमूळ ‘एसक्यूआरटी’ने काढून छापा. आकडा थेट कंसात लिहा. गणिताची लायब्ररी न जोडता कंपाइल करा, बिनबोभाट होईल. आता तोच आकडा ‘स्कॅनएफ’ने वाचून घ्या आणि व्हेरिएबल कंसात द्या. लगेच ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू एसक्यूआरटी’. पहिल्या वेळी जीसीसीने २ चं वर्गमूळ कंपाइल करतानाच काढून उत्तर जागेवर लिहून टाकलं, फंक्शनला हाक मारायची गरजच उरली नाही. दुसऱ्या वेळी आकडा प्रोग्राम चालेपर्यंत कळणार नाही, म्हणून हाक राहिली, आणि हाकेला ओ देणारी ‘लिबएम’ जोडलेली नव्हती. ‘कालपर्यंत चालत होतं, फक्त एक ओळ बदलली’ या नेहमीच्या तक्रारीत किती तथ्य असू शकतं, ते यावरून दिसावं.

मग आपण ‘डॅश स्मॉल एल एम’ जोडतो. पण कुठे? उबंटूवर ते फाइलीच्या नावाआधी लिहिलं तर चूक तशीच राहते, नंतर लिहिलं तर जाते. लिंकर आज्ञा डावीकडून उजवीकडे वाचतो. उबंटूने ११.१० पासून लिंकरला ‘ॲज-नीडेड’ हा पर्याय मुळातच लावून दिला आहे. लायब्ररी समोर आली तेव्हा तिच्यातलं काही कुणी मागितलेलं नसेल, तर ती बाजूला टाकायची. मागणी करणारी फाइल नंतर येते, तोवर लायब्ररी यादीतून गेलेली असते. हा पर्याय जिथे लावलेला नाही तिथे उलटा क्रमही चालून जातो, म्हणून एकाच्या लॅपटॉपवर बिल्ड होणारा प्रोजेक्ट दुसऱ्याकडे अडतो आणि दोघंही शपथेवर सांगतात की मेकफाइल तीच आहे. ‘.ए’ने संपणाऱ्या स्टॅटिक लायब्रऱ्यांना तर हा क्रमाचा नियम सगळीकडे आणि पहिल्यापासूनच लागू आहे.

‘कॅनॉट फाइंड’ आणि ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ यांत गल्लत करू नये, ही माझी कळकळीची विनंती. पहिल्यात फाइल मिळालेली नाही, तेव्हा ‘डॅश कॅपिटल एल’ देऊन पाथ दाखवणं योग्य. दुसऱ्यात फाइल बहुधा मिळालेली असते, पण तिच्यात हवं ते नाव नसतं, किंवा लायब्ररी जोडायचीच राहून गेलेली असते. तिथे पाथामागून पाथ देत बसण्यात हशील नाही. सी++ मध्ये याला आणखी एक पदर आहे. जीसीसी ५ आला २०१५ मध्ये, आणि त्याबरोबर स्ट्रिंगची मांडणी बदलली. तेव्हापासून ज्या तक्रारीत ‘सीएक्सएक्स११’ हे अक्षर-आकड्यांचं मिश्रण दिसेल, तिथे लायब्ररी एका मांडणीने आणि आपला प्रोग्राम दुसऱ्या मांडणीने कंपाइल झालाय असा पहिला संशय घ्यावा. अशा वेळी ‘एनएम’ ही आज्ञा लायब्ररीच्या पोटातली नावं दाखवते आणि ‘सी++फिल्ट’ ती वाचण्याजोगी करून देते. दोन मिनिटांत निकाल लागतो.

लोडरकडे वळू. सोर्समधून लायब्ररी बांधली, ‘मेक इन्स्टॉल’ केलं, ती ‘/यूएसआर/लोकल/लिब’मध्ये जाऊन बसली. लिंकरच्या मूळ यादीत ही जागा सहसा असते, त्यामुळे जोडणी बिनबोभाट होते. प्रोग्राम चालवला की लोडर हात वर करतो. तो ‘/लिब’ आणि ‘/यूएसआर/लिब’ अशा ठरलेल्या जागा सोडल्या तर प्रत्येक फोल्डर धुंडाळत बसत नाही, ‘/ईटीसी/एलडी.एसओ.कॅश’ ही तयार यादी बघतो. ती यादी बनवणारी आज्ञा ‘एलडीकॉन्फिग’. ती पुन्हा चालवली नाही तर नवी लायब्ररी यादीत येणार कशी? रेड हॅटच्या घराण्यात ‘/यूएसआर/लोकल/लिब’ हे नावच त्या आज्ञेच्या कॉन्फिगरेशनमध्ये नसतं, ते आधी ‘एलडी.एसओ.कॉन्फ.डी’ या फोल्डरात एक फाइल टाकून द्यावं लागतं. लिबटूल वापरणारे प्रोजेक्ट ‘मेक इन्स्टॉल’च्या वेळी हे सगळं एका ऐसपैस परिच्छेदात छापून सांगतात. तो परिच्छेद वाचणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

याच वळणावर लोक ‘एलडी_लायब्ररी_पाथ’ला हात घालतात, आणि इथे माझं मत थोडं कडक आहे. हे व्हेरिएबल तपासणीसाठी उत्तम. एका आज्ञेपुरतं पुढे लावा, अंदाज बरोबर होता का बघा, विसरून जा. ‘बॅशआरसी’मध्ये कायमचं लिहिलं की त्या लॉगिनमधल्या प्रत्येक प्रोग्रामला ते लागू होतं, ज्यांना त्याची काडीची गरज नाही त्यांनासुद्धा. मग एक दिवस साधं ‘गिट’ किंवा ‘कर्ल’ भलतीच लायब्ररी उचलून रुसतं. शिवाय नेहमीची लिहिण्याची पद्धत, म्हणजे नवा पाथ, मग कोलन, मग व्हेरिएबलची जुनी किंमत, हिच्यात एक खाच आहे. जुनी किंमत रिकामी असेल तर शेवटी नुसता कोलन उरतो, आणि रिकाम्या जागेचा अर्थ लोडर ‘आत्ता ज्या फोल्डरात उभे आहात तो’ असा लावतो. कुणाच्या डाउनलोड्स फोल्डरात उभं राहून आज्ञा चालवली तर काय होऊ शकतं, याची कल्पना केलेली बरी. जाता जाता: नुसतं ‘लायब्ररी_पाथ’ हे निराळं व्हेरिएबल आहे. ते जीसीसी जोडणीच्या वेळी वाचतो, लोडर त्याकडे बघतही नाही. नावातल्या साम्यामुळे कित्येकांच्या संध्याकाळी वाया गेल्या आहेत.

प्रोग्रामलाच आपल्या लायब्ररीचा पत्ता शिकवून ठेवणं, म्हणजे ‘आरपाथ’, हा मला जास्त सभ्य मार्ग वाटतो. त्यात ‘डॉलर ओरिजिन’ वापरलं की प्रोग्राम जिथे असेल तिथून पत्ता मोजला जातो, अख्खा फोल्डर उचलून दुसरीकडे नेला तरी बिघडत नाही. फक्त ते एकेरी अवतरणात लिहायचं, नाहीतर शेल त्या डॉलरचा स्वतःच अर्थ लावून मोकळा होतो. जुना आरपाथ आणि नवा ‘रनपाथ’ यांच्यात एक महत्त्वाचा फरक आहे: आरपाथ एलडी_लायब्ररी_पाथच्या आधी बघितला जातो, रनपाथ नंतर. आणि रनपाथ फक्त थेट लागणाऱ्या लायब्रऱ्यांना लागू होतो, त्या लायब्रऱ्यांना पुढे ज्या लागतात त्यांना नाही. या दुसऱ्या अर्ध्या वाक्यासाठी पुस्तिकेत एक अख्खं प्रकरण आहे.

काही तक्रारी पाथच्या वाटतात पण नसतात. उबंटू २२.०४ वर बांधलेला अगदी ‘हॅलो वर्ल्ड’सुद्धा २०.०४ वर नेला तर ‘जीलिबसी_२.३४ नॉट फाउंड’ म्हणून थांबतो. पहिल्यावर जीलिबसी, म्हणजे सीची मूळ लायब्ररी, २.३५ आहे, दुसऱ्यावर २.३१. ‘मेन’ला सुरू करून देणारं फंक्शन २.३४ मध्ये नव्या शिक्क्यासह आलं, त्यामुळे आपण कोडमध्ये काहीही नवं वापरलं नसलं तरी तो शिक्का लागतोच. यावर पाथचा कोणताही उपाय नाही. जुन्या मशीनवर किंवा जुन्या कंटेनरमध्ये बांधा, तो नव्यावर चालेल. उलटं होणार नाही. दुसऱ्या मशीनवरून ‘लिबसी.एसओ.६’ आणून सिस्टिमच्या फाइलीवर टाकण्याचा मोह झाला तर हात आवरावा. त्यानंतर ‘एलएस’ही चालत नाही, ‘सीपी’ही चालत नाही, आणि मूळ फाइल परत कॉपी करायची तर ती कशाने करणार?

सामायिक मशीनवर हे सगळं आणखी टोकदार होतं. पुण्यात आयसरमध्ये असलेल्या परम ब्रह्मसारख्या महासंगणकावर काम करणाऱ्या संशोधकाला रूटचे अधिकार मिळत नाहीत आणि मिळूही नयेत. तिथे पॅकेज टाकता येत नाही, एलडीकॉन्फिग चालवता येत नाही. ‘मॉड्यूल लोड’ करून हवी ती आवृत्ती निवडायची, उरलेलं आपल्या होम डिरेक्टरीत बांधायचं. आणि मॉड्यूल तरी आत काय करतं? जी व्हेरिएबल आपण हाताने लिहिली असती, तीच ते व्यवस्थित लिहून देतं. जोडणीच्या वेळी एक मॉड्यूल आणि जॉब सबमिट करताना दुसरंच, असं झालं की लोडर तक्रार करणारच. अशा वाचकांसाठी रूटशिवायचे उपाय प्रत्येक प्रकरणात वेगळे दिले आहेत.

साधनांबद्दल थोडंसं. ‘एलडीडी’ सर्वांना ठाऊक असते, पण अनोळखी फाइलीवर ती चालवू नये, कारण काही परिस्थितीत ती तो प्रोग्रामच सुरू करू शकते. ‘रीडएल्फ -डी’ फक्त वाचते. माझी लाडकी मात्र ‘एलडी_डीबग=लिब्स’. प्रोग्रामच्या नावाआधी एवढं लिहिलं की लोडर आपली सगळी भटकंती छापतो: कोणती लायब्ररी शोधतोय, कॅश बघितली, मग कोणता पाथ, मग कोणती फाइल उघडून पाहिली. इथे अंदाजाला जागाच उरत नाही. लिंकरने कोणत्या फाइली उचलल्या ते ‘ट्रेस’ पर्यायाने कळतं, आणि हेडर कुठे कुठे शोधले ते ‘जीसीसी -व्ही’ सांगतो. ‘कॉन्फिगर’ स्क्रिप्ट ‘लायब्ररी सापडली नाही’ म्हणाली तर तिच्यावर विश्वास ठेवण्याआधी ‘कॉन्फिग.लॉग’ उघडावा. तिने एक चिमुकला प्रोग्राम बांधून बघितलेला असतो, तो कोणत्याही कारणाने फसला तरी ती तेच एक वाक्य म्हणते.

‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ म्हणणारा चौथा इसम अजून राहिला. कधी कधी प्रोग्राम समोर असतो, चालवण्याची परवानगी असते, आणि तो चालवला की शेलच म्हणतं, अशी फाइल नाही. न सापडलेली फाइल वेगळीच असते. प्रत्येक डायनॅमिक प्रोग्रामच्या सुरुवातीला त्याच्या लोडरचा पत्ता लिहिलेला असतो, ६४ बिट इंटेलवर ‘/लिब६४/एलडी-लिनक्स-एक्स८६-६४.एसओ.२’. अल्पाइन लिनक्समध्ये जीलिबसीऐवजी मसल आहे, तिथे हा लोडर मुळातच नसतो. ३२ बिटचा प्रोग्राम नुसत्या ६४ बिटच्या मशीनवर नेला तरी हेच. कर्नल तो लोडर शोधतो, मिळत नाही, आणि नकार शेलकडे येतो. बॅशने ५.२ मध्ये हा संदेश बदलून ‘रिक्वायर्ड फाइल नॉट फाउंड’ असा केला, फार बरं केलं. जुनं बॅश असेल तर ‘फाइल’ ही आज्ञा प्रोग्रामवर चालवावी, ती ‘इंटरप्रिटर’ या शब्दापुढे तो पत्ता छापून देते.

विंडोज आणि मॅक या पुस्तिकेत नाहीत, क्रॉस-कंपायलिंगला फक्त स्पर्श आहे. उदाहरणं उबंटू आणि रॉकी लिनक्सवर करून दाखवली आहेत. कामाच्या मशीनवर प्रयोग करू नका, कंटेनर घ्या. त्यात उबंटूवर ‘बिल्ड-इसेन्शियल’ आणि रॉकीवर कंपायलरची पॅकेजं टाकून घ्या, पण झेडलिबचं डेव्ह पॅकेज मात्र टाकू नका. पहिल्या प्रकरणाला ते नसलेलंच हवं आहे.